जर्मनीत आल्यावर ख्रिस्ती झालेल्या माझ्या इराणी रूममेटला आश्रय मिळेल का?

‘आश्रयासाठीच धर्म बदललास’ असं म्हणून अर्ज फेटाळतील, या भीतीने तुमच्या रूममेटची झोप उडाली आहे आणि मुलाखत तोंडावर आली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी इथे आश्रयाचे खटले चालवणाऱ्या वकिलांकडे काम करते. अशा फाइली हातातून जातात, म्हणून लिहिते.

आधी हे की परत गेल्यावरचा धोका खरा आहे. इराणच्या दंडसंहितेत धर्मत्यागाचं कलम नाही. पण राज्यघटनेच्या 167व्या कलमाने न्यायाधीशाला, कायदा गप्प असेल तिथे, शरीयतचा आधार घेता येतो. युसेफ नदरखानी या इराणी ख्रिस्ती पाळकांना (धर्मगुरूंना) 2010 मध्ये धर्मत्यागासाठी फाशीची शिक्षा झाली होती. 2012 मध्ये ते त्या आरोपातून सुटले, पण पुढे पुन्हा तुरुंगात गेले. इराणची घटना ख्रिस्ती लोकांना मान्यता देते, ती प्रत्यक्षात जन्माने आर्मेनियन किंवा असिरियन असलेल्यांना. मुस्लिम घरात जन्मून ख्रिस्ती झालेल्याला तिचा उपयोग नाही, म्हणून ही माणसं कुणाच्या तरी घरी लपून उपासना करतात आणि तिथेही छापे पडतात.

देश सोडल्यावर धर्म बदलला, एवढ्यावरून दावा बाद होत नाही. स्वीडनमधल्या एका इराणी माणसाच्या खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं की धर्मांतराची माहिती असेल तर परत पाठवण्याआधी त्यातला धोका तपासलाच पाहिजे. ‘तिकडे जाऊन गुपचूप प्रार्थना कर, कुणाला कळणार?’ हेही चालत नाही. जर्मनीतल्या, अहमदिया पंथाच्या दोन पाकिस्तानी माणसांच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2012 मध्येच तो मार्ग बंद केला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण लपवून जगणं हाही छळच आहे.

सगळं अडतं ते विश्वास बसण्यावर. बाप्तिस्म्याचा दाखला हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. ही श्रद्धा त्याच्या जगण्याचा भाग झाली आहे का, हे जर्मन न्यायालयं स्वतः तपासतात. त्यामुळे त्याला बायबलमधली नावं घोकायला लावू नका. पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं. आधीच्या धर्मात काय खटकलं, पहिल्यांदा चर्चमध्ये कोण घेऊन गेलं, घरच्यांना सांगितलं का, ते काय म्हणाले, रविवारी तो तिथे काय काम करतो, हे त्याने त्याच्याच शब्दांत सांगावं. शंका आल्या असतील तर त्याही सांगाव्यात. खऱ्या माणसाला शंका येतातच. दुभाषाचं बोलणं नीट कळत नसेल तर तिथल्या तिथे सांगायचं आणि जबाब फारसीत वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही. मागाहून ‘मी असं म्हणालो नव्हतो’ हे पटवणं फार अवघड जातं.

मुलाखतीआधी एकदा तरी वकिलाला किंवा मोफत सल्ला केंद्राला भेटा. नकार आलाच तर न्यायालयात जायला साधारण दोन आठवडे मिळतात. अर्ज ‘उघडपणे निराधार’ ठरवला असेल तर एकच. त्यामुळे या काळात टपालपेटी रोज उघडा आणि पत्र ज्या पाकिटातून येईल ते पाकीटही जपून ठेवा, त्यावरच्या तारखेवरून मुदत मोजतात.