रक्तातली साखर कळते, मग मेंदूत ग्लुकोजचा वेगळा सेन्सर कशाला? एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला तो बनवता येईल का?

कशाला म्हणजे? मेंदूतल्या पेशींभोवतीच्या द्रवात ग्लुकोज रक्तापेक्षा बरंच कमी असतं आणि ते रक्ताच्याच तालावर हलेल असं नाही. डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटची रक्तातली साखर ठीक असताना मेंदूतली घसरलेली सापडते. तेव्हा बोट टोचून भागतं हे मला साफ अमान्य आहे.

बनवता येईल. माझा प्रोजेक्ट हाच होता. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं रबाळ्याला उतरून एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये जायचे. प्लॅटिनमची तार, तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम. ग्लुकोजवर त्याची क्रिया झाली की पेरॉक्साइड तयार होतं, त्याचा ०.७ व्होल्टला करंट मिळतो, तुम्हाला माहीत असेलच. पण त्याच व्होल्टला व्हिटॅमिन सीसुद्धा करंट देतं आणि मेंदूत ते भरपूर असतं. म्हणून एन्झाइमच्या आधी तारेवर पॉली-ऑर्थो-फिनिलीनडायअमीन या पॉलिमरची फिल्म चढवायची. ती काही नॅनोमीटरच वाढते आणि आपली आपण थांबते, कारण ती वीज वाहू देत नाही. पेरॉक्साइड आत जातं, व्हिटॅमिन सी बाहेर अडतं. मला आजही हे फार सुंदर वाटतं.

आमचे सीनियर म्हणायचे, फिल्म नको, ब्लँक तारही (तुलनेसाठीची, एन्झाइम न लावलेली) नको, बीकरमध्ये ग्लुकोज वाढवलं की करंटची सरळ रेषा येतेय ना, बास. मी नुसत्या बफरमध्ये (ग्लुकोज नसलेल्या द्रावणात) ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीच, टाकून दाखवलं. ग्लुकोजचा कणही नव्हता, तरी त्यांच्या तारेचा करंट सरकन वर गेला. माझी फिल्मवाली तार जेमतेम हलली. यावर उत्तर काय, तर "लाइट फ्लक्च्युएट होतेय." एकट्या त्यांच्याच तारेला? तो ग्राफ रिपोर्टमध्ये घेऊ दिला नाही. सरळ रेषा तेवढी छापली.

हो, मी बीकरपुरतंच बोलतेय. उंदरात बसवायचं तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते. एन्झाइमला ऑक्सिजनही लागतो आणि मेंदूत तो कमी असतो, म्हणून हवेतल्या बीकरमधलं कॅलिब्रेशन (किती करंट म्हणजे किती ग्लुकोज हा हिशेब) तिथे जसंच्या तसं धरू नका. माणसांत, काही न्यूरो आयसीयूंमध्ये, मायक्रोडायलिसिसनं, म्हणजे मेंदूत बारीक नळी बसवून, साधारण तासाला एक नमुना घेतात.

एन्झाइम न लावलेली एक तार मात्र प्रत्येक प्रयोगात शेजारी ठेवा. कोणी नको म्हणालं तर लेखी कारण मागा. आणि व्हिटॅमिन सीचा ग्राफ रिपोर्टमध्ये ग्लुकोजच्या ग्राफच्या आधी लावा, परिशिष्टात नाही.