सेवर्ड 'राज्य सचिव' होते का?

प्रश्न असा आहे: लिंकनवरच्या एका मराठी लेखात विल्यम सेवर्ड यांची ओळख 'वकील, न्यूयॉर्कचे राज्यपाल आणि नंतर अमेरिकेचे राज्य सचिव' अशी करून दिली आहे. हे शब्द बरोबर आहेत का? शिवाय त्यांना राजकारणी म्हणावं की मुत्सद्दी?

'वकील' बरोबर आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी त्यांची वकिली चाले. १८४६ मध्ये चौघांच्या खुनाचा आरोप असलेल्या विल्यम फ्रीमन या कृष्णवर्णीयाचं वकीलपत्र त्यांनी घेतलं, आरोपी वेडा असल्याचा बचाव मांडला आणि गावाचा रोष ओढवून घेतला. पुढचे दोन शब्द मात्र फसवे आहेत. ते वाचून आपल्याला वाटतं, बिचारे राजभवनातून उठले आणि मंत्रालयात फायलींवर सह्या करायला बसले!

आपला राज्यपाल नेमलेला असतो. सेवर्ड १८३८ आणि १८४० अशा दोन निवडणुका जिंकून गव्हर्नर झाले होते आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष चालवत होते. म्हणजे काम आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचं. पण मुख्यमंत्री लिहिलं तर विधिमंडळातलं बहुमत वगैरे नसत्या गोष्टी चिकटतात. मी तिथे सरळ 'गव्हर्नर' ठेवतो.

'राज्य सचिव' ही तर दुहेरी चूक. 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'मधलं स्टेट म्हणजे न्यूयॉर्क किंवा ओहायोसारखं घटक राज्य नव्हे, अख्खी राज्यसंस्था. १७८९ मध्ये हे खातं 'परराष्ट्र व्यवहार' याच नावानं निघालं. काही आठवड्यांतच राष्ट्राची राजमुद्रा सांभाळण्यासारखी देशांतर्गत कामंही त्याच्याकडे आली, म्हणून नाव बदललं. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या बहुतेक घटक राज्यांतही याच नावाचा अधिकारी असतो. त्याला खुशाल राज्य सचिव म्हणा.

आता 'सचिव'. अष्टप्रधानांत सचिव होते, हे खरं. पण तिथेही परराज्यांशी व्यवहार सुमंतांकडे, म्हणजे डबिरांकडे होता. आज सचिव म्हटलं की सनदी अधिकारी डोळ्यांपुढे येतो. तेव्हा १८६१ ते १८६९ या काळातले सेवर्ड हे परराष्ट्रमंत्री. 'तिकडचे मंत्री काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सदस्य नसतात, मग मंत्री कसे?' असा आक्षेप मी ऐकला आहे. अष्टप्रधान तरी कुठे निवडून आले होते?

'मुत्सद्दी' हा शब्द मूळ अरबी. हिंदी-उर्दूत त्याचा अर्थ कारकून, मुनीम. मुघलांच्या सुरतेत मात्र बंदराचा मुख्य अधिकारी मुत्सद्दी म्हणवला जाई. मराठीत या लेखणीवाल्याला डावपेचाची धार आली आणि धूर्तपणाची किंचित छटाही. सेवर्डना ती शोभते. १८६१ च्या अखेरीस अमेरिकी नौदलानं 'ट्रेंट' या ब्रिटिश जहाजावरून यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे दोन वकील (इथे वकील म्हणजे दूत, हा जुना अर्थही विसरू नका) उतरवून घेतले आणि ब्रिटनशी युद्धाची वेळ आली. सेवर्डनी दोघांना सोडलं, पण सोबतच्या खलित्यात सूर असा लावला की तटस्थ जहाजांबद्दल अमेरिका आजवर जे तत्त्व सांगत आली, तेच ब्रिटन आता मान्य करत आहे. माघार घेतली आणि वर समोरच्यालाच आपला शिष्य ठरवलं! १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का घेतला, तेव्हा लोकांनी त्याला 'सेवर्डचा मूर्खपणा' म्हटलं, ते वेगळं.

त्या लेखात मी एवढंच बदलेन: 'वकील, न्यूयॉर्कचे गव्हर्नर, लिंकन यांचे परराष्ट्रमंत्री आणि मुरलेले मुत्सद्दी.'