पोराला गाडी शिकवायची, पण कोणत्या गाडीवर?

प्रश्न: दादा, आम्ही नागपूरला मनीषनगरात राहतो. मुलगा नुकताच १८ चा झाला, लर्निंग काढलं आणि आता गाडी शिकायची म्हणून मागे लागून राहिला. घरी दोन गाड्या आहेत, एक २०११ ची छोटी हॅचबॅक, तिच्यात ना एअरबॅग ना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), आणि दुसरी मोठी एसयूव्ही, नवीनच आहे. हे म्हणतात जुन्या गाडीवरच शिकू दे, ठोकली तरी टेन्शन नाही. पोराला मोठी पाहिजे. आणि धाकटी १६ ची, तीही मी पण म्हणून राहिली. काय करू?

उत्तर: ताई, भाऊंनी हिशोब पत्र्याचा लावला, मला काळजी पोराची आहे. आधी ड्रायव्हिंग स्कूल लावा, तिथे शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो, तो घरच्या गाडीत कुठून आणणार. मग मैदानात क्लच सोडायला, रिव्हर्स घ्यायला तुमची जुनी चालेल, तिथे स्पीडच नसतो. पण वर्धा रोड नाहीतर रिंग रोडला न्यायची वेळ आली की ती घरीच राहू द्या. नवशिका पोरगा समोर कोणी आलं की घाबरून ब्रेकवर उभाच राहतो, एबीएस नसलं की चाकं जाम होतात आणि मग स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरत जाते, त्यात जूनचा पहिला पाऊस असला तर बघायलाच नको. एबीएस काम करताना पायाखाली पेडल थरथरतं, हे त्याला रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम करून दाखवा, नाहीतर काहीतरी तुटलं समजून पोरं नेमका तेव्हाच पाय उचलतात.

एसयूव्ही सुरक्षित आहे पण सीताबर्डीच्या गर्दीत त्या उंच बोनेटपुढची सायकल, लहान मूल नवशिक्याला दिसतच नाही. माझं स्पष्ट मत, जुनी विका आणि २०२२ नंतरची सेकंडहँड हॅचबॅक घ्या, छोट्या इंजिनची. एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं आणि समोरच्या दोन्ही एअरबॅग जानेवारी २०२२ पासून, म्हणून २०२२ म्हणतो. घेताना टायरच्या बाजूचे चार आकडे वाचा, २३२२ म्हणजे तो टायर २०२२ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. आणि बेल्ट पहिल्या दिवसापासून, मैदानातसुद्धा, कारण एअरबॅगचा खरा उपयोग बेल्ट लावला तरच होतो. पक्कं लायसन्स येईपर्यंत पुढेमागे एल बोर्ड आणि शेजारी लायसन्सवाला माणूस पाहिजेच.

धाकटीला मात्र कार अजिबात देऊ नका, सोसायटीच्या बाहेर एक चक्करही नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि तिला स्वतःला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगियरची दुचाकी चालते, तीही लायसन्स काढून, आणि त्यासाठी तुमची संमती लागते.