बेंच प्रेस अडकलाय? उतरवताना वजन वाढवा

प्रश्न : माझा बेंच (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलायचा व्यायाम) ८० किलोवर अडकलाय. जिममधला मित्र म्हणतो खाली आणताना जास्त वजन घे. फायदा होतो? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : होऊ शकतो, कारण स्नायू जेवढं उचलतो त्याहून जास्त वजन आवरत खाली आणू शकतो. बारच्या दोन्ही टोकांना लांब हुक अडकवतात, त्यात जादा प्लेटी, म्हणजे ७० चा बार आणि हुकांसकट १५ किलो, तीन सेकंद घेत ८५ उतरवायचे, बार छातीजवळ आला की हुक जमिनीला टेकून सुटतात आणि वर फक्त ७० ढकलायचे. हुक पुढच्या रेपला, म्हणजे पुढच्या उचलीला, परत लावावे लागतात, कटकट आहेच. स्पॉटर, म्हणजे गरज पडल्यास बार धरायला उभा जोडीदार, हवाच, एकट्याने नको रे बाबा! आठवड्यातून एकदा पुरे, दोनेक दिवस छाती-दंड ठणकतात, त्यामुळे चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी (फळं-पानं टांगलेली लाकडी चौकट) बांधायची असेल तर त्या आठवड्यात राहू दे.