रीड्स नॉटिकल अल्मनॅकवाले कॅप्टन ओ. एम. वॉट्स कोण होते?

ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचे मास्टर मरिनर, म्हणजे जहाजाचे कप्तान होण्याची पात्रता असलेले दर्यावर्दी. पण नाव झालं ते 1932 साली सुरू झालेल्या या अल्मनॅकचे संपादक म्हणून. हे खलाशांचं पंचांगच म्हणा ना! भरती-ओहोटीच्या वेळा, सूर्य-ताऱ्यांची स्थानं, दीपगृहांच्या खुणा, सगळं एका जाडजूड पुस्तकात. छोट्या बंदराची भरती हवी असेल, तर जवळच्या मोठ्या बंदराची वेळ बघायची आणि दिलेली मिनिटं मिळवायची किंवा वजा करायची. हलत्या बोटीत, टॉर्चच्या उजेडात हे जमलं पाहिजे!

शिवाय लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवर त्यांचं बोटींच्या सामानाचं दुकान होतं. समुद्रापासून लांब, मेफेअरच्या श्रीमंत वस्तीत दोर आणि होकायंत्रं विकायची, हे मला भारी वाटतं.