हिशेब वेगळे ठेव

प्रिय झिला,

खाण कंपनीच्या सीएसआर, म्हणजे समाजकामाच्या खात्यात लागायचं की खाणविरोधी आंदोलनातल्या मित्रांबरोबर राहायचं, यावर तू चार पानं लिहिलीस. विहिरींबद्दल एक ओळ नाही! नोकरी कर, नको करू. हिशेब कुठला मांडणार आहेस ते सांग.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान दोन टक्के समाजकामाला. त्यातून शाळेला बाकं येतात, आरोग्य शिबिरं होतात. होऊ देत. पण तो नफ्याचा हिशेब. विहीर आटली, व्हाळात लाल गाळ उतरला, काजूच्या मोहरावर डंपरची धूळ बसली, तो नुकसानीचा हिशेब. बाकं देऊन विहीर फिटत नाही. संयुक्त राष्ट्रांची २०११ ची व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं वाच. एकतीसच आहेत, एका संध्याकाळचं काम. अकराव्याच्या खालचं स्पष्टीकरण दोनदा वाच: इतरत्र कितीही चांगलं काम केलं तरी हक्क पायदळी तुडवल्याची वजावट त्यातून होत नाही.

जुलै २०२१ मध्ये सिंधुदुर्गातल्या कळणे गावात खाणीचा बांध फुटला. चिखल घराबागांत घुसला. अशा वेळी ‘आम्ही गावासाठी किती केलं’ असं पत्रक कुणी तुझ्यापुढे सहीला ठेवलं, तर सही करू नकोस. ते वेगळ्या वहीतलं.

मी खाणीच्या सर्व्हे खात्यात राहिलो. गावात ‘कंपनीचो माणूस’ म्हणून हिणवलं जायचं, आणि माझ्या अहवालातला आटलेल्या विहिरींचा परिच्छेद वरच्या टेबलावर गाळला जायचा. पुढच्या वर्षी मी तो परत घालायचो. सोडून गेलो असतो तर तो लिहिलाच कुणी नसता. हे लंगडं समर्थन वाटेल तुला. वाटू दे. आंदोलनवाल्यांनाही पुढे तेच आकडे लागले.

तुला एवढं भान आहे हे ठाऊक आहे, म्हणूनच चिडतोय.

रुजू झालासच, तर बाकांच्या उद्घाटनाला जाण्याआधी तक्रारींची वही माग. मागच्या पावसाळ्यात कुणी काय लिहिलं, उत्तर कधी मिळालं, बघ. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश माग. जनसुनावणीआधी तो गावाला मिळायलाच हवा, पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत तसं आहे. मग मे महिन्यात, पाणी तळाला गेलेलं असताना, खाणीखालच्या वाडीतल्या विहिरी स्वतः दोरी टाकून मोज. दोरी माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा.

तुझा,
काका