बेस कॅलिफोर्नियात, घर टेक्सासात, मग टॅक्स कुठे?

प्रश्न: माझे मिस्टर पायलट आहेत, बेस म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर सॅन फ्रान्सिस्को, पण आम्ही राहतो डॅलसला. ड्यूटी आली की ते स्टँडबायवर सीट मिळेल तसं तिकडे जातात, संपली की घरी. आता नवीन कंपनीत पगारातून कॅलिफोर्नियाचा टॅक्स कापायला लागलेत. टेक्सासात तर स्टेट इन्कम टॅक्सच नाही, मग हे बरोबर आहे का? (एक वाचक, डॅलस)

उत्तर: ताई, तुम्ही लिहिलंय तसंच सगळं असेल तर हा टॅक्स कापायलाच नको होता. साध्या नोकरीत जिथे काम करता ते राज्य टॅक्स मागतं, पण विमानावर काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेत वेगळा फेडरल कायदा आहे, टायटल ४९ चं कलम ४०११६. दोन किंवा जास्त राज्यांत नेमून दिलेली ड्यूटी असेल तर पगारावर टॅक्स फक्त दोनच राज्यं लावू शकतात, एक तुम्ही राहता ते आणि दुसरं जिथे वर्षातल्या शेड्यूल्ड फ्लाइट टाइमपैकी ५० टक्क्यांहून जास्त वेळ जातो ते. बेस कुठे आहे याचा यात काही संबंध नाही, आणि नेमकं हेच पेरोलवाल्यांच्याही लक्षात येत नाही! सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान अर्ध्या तासाच्या आसपास कॅलिफोर्नियाच्या बाहेर पडतं, पुढचे तास बाकीच्या राज्यांवरून, मग ५० टक्के होणार कुठून? हवाईत बेटाबेटांमध्येच उडणाऱ्या पायलटची गोष्ट वेगळी, त्याचा सगळा वेळ एकाच राज्यात जातो.

खरी काळजी घ्यायची ती राहण्याच्या पुराव्याची. सॅन फ्रान्सिस्कोत बाकीच्या क्रूबरोबर शेअर केलेली क्रॅशपॅडची, म्हणजे ड्यूटीपुरतं झोपायची, खोली म्हणजे काही घर नव्हे, पण लायसन्स, मतदार नोंदणी, गाडीचं रजिस्ट्रेशन, मुलांची शाळा, डॉक्टर हे सगळं खरोखर टेक्सासात असू द्या, कारण नुसता पत्ता टेक्सासचा आणि संसार कॅलिफोर्नियात असं दिसलं तर ते तुम्हाला तिथलेच रहिवासी धरतील, आणि अनुभवी पायलटच्या पगाराला तिथे ९.३ टक्क्यांचा स्लॅब सहज लागतो. शिवाय तिथे एखादं घर भाड्याने दिलं असेल तर त्या भाड्यावर कॅलिफोर्नियाचा टॅक्स भरावाच लागेल, हा कायदा फक्त पगारापुरता आहे.

आता मिस्टरांना सांगा, पेरोलला कलमाचा नंबर देऊन लेखी कळवा आणि राहतं राज्य टेक्सास करून घ्या. आधी कापलेले पैसे ५४० एनआर हा नॉनरेसिडेंट फॉर्म भरून परत मागता येतात, त्यासाठी वर्षभराचे फ्लाइट शेड्यूल जपून ठेवा.